देवीकडे तोंड करून

भाषणाचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. रत्नागिरीला शिकत होतो तेव्हा शाळेच्या संमेलनात ‘उद्योगाचे महत्त्व’ या विषयावर मला दहा मिनिटं बोलायचं होतं. ‘अध्यक्ष महाराज’ एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं पाटी पुसल्यासारखं साफ झालं. टेबलावर पाण्याचा तांब्या होता. मी फुलपात्र भरून पाणी प्यायलो, मग दुसरं प्यायलो, आणि काहीतरी करत राहायला हवं म्हणून तिसरंही प्यायलो. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, तांब्या तरी ठेव!’ सगळी शाळा हसली. आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला होतं. पुढे वर्षभर बंदरावर मासळी आणायला गेलो की विकणाऱ्या बायकासुद्धा विचारायच्या, ‘काय रे, तहान लागली काय?’

असा मी शाळामास्तर झालो याचं पुष्कळांना नवल वाटलं. पण पोरांपुढे बोलणं म्हणजे भाषण नव्हे. पोरं ऐकत नाहीत, ही मास्तरची मोठी सोय असते.

मी सांगतोय ती हकीकत एकोणीसशे तीसनंतरच्या दोनचार वर्षांतली. माझी बदली पालीच्या बाजारापासून दोन कोस आत एका गावात झाली होती. एकशिक्षकी शाळा. गावातले कर्ते बाप्ये बहुतेक मुंबईला गिरणीत, त्यामुळे गावात म्हातारे, बायका आणि पोरं एवढाच कारभार. शाळेच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे मी, माझी बायको आणि आमची सव्वा वर्षाची मुलगी असे तिघं राहत होतो. नवीन गाव होतं. आम्हाला तिथे कुणी ओळखत नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं. का, ते आता सांगतो.

कार्तिक सरता सरता तालुक्याहून एक कागद आला. देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सरकारी देवीडॉक्टर, म्हणजे पोरांना देवी टोचणारा माणूस, आमच्या शाळेत येणार होता. त्याआधी गावकऱ्यांना जमवून मास्तरांनी टोचून घेण्याच्या फायद्यांवर ‘परिणामकारक भाषण’ करावं, आणि भाषण परिणामकारक झालं किंवा कसं, ते सोबतच्या कागदावर भरून पाठवावं, असा हुकूम होता. कारण उघड होतं. डोंगरापलीकडच्या गावात देवीची साथ आली होती. तिथल्या मास्तरांना भेटायला मी मागच्याच आठवड्यात गेलो होतो. दोनतीन घरांच्या दारांना कडुनिंबाचे डहाळे बांधलेले होते, आणि एका अंगणात दोरीवर लहान पोराचं झबलं वाळत होतं. मी जाताना ते कोरडं होतं आणि परत येतानाही तिथेच होतं. ते काढायला कुणी बाहेर येत नव्हतं.

कागद वाचला आणि मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. भाषणाची भीती होतीच, पण ती वरवरची. खरी भीती अशी होती की माझी स्वतःची मुलगी टोचलेली नव्हती.

त्याआधी आम्ही पावसच्या पलीकडच्या एका गावात होतो. तेव्हाही आम्ही तिघंच होतो, पण तिसरं माणूस म्हणजे मुलगा होता. आमचा पहिला. दहा महिन्यांचा असताना मी त्याला मोठ्या उत्साहाने देवी टोचून आणल्या. शिकलेला बाप ना मी! आठव्या दिवशी ताप आला. तो येतोच, म्हणून मी बायकोला समजावलं. बाराव्या दिवशी तिन्हीसांजेला, देवापुढे दिवा लावायच्या वेळी, मुलगा गेला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की हा टोचण्याचा ताप नव्हे. तेव्हा गावात दुसराच ताप चालू होता, आणि आमच्या आळीतली दोन न टोचलेली पोरंही त्याने गेली होती. मी ते ऐकलं, मान हलवली, पटलं असं म्हणालो. बायको काहीच म्हणाली नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी घरात मुलाचं नाव घेतलं नाही. पुढे मुलगी झाली. तिला टोचायचं वर्ष आलं तेव्हा ‘पुढच्या खेपेला बघू’ असं मी म्हणालो, आणि बायकोने ‘बरं’ म्हटलं. बस, एवढंच बोलणं झालं होतं.

आणि आता मी गावाला सांगणार होतो की पोरं आणा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मुलीला टोचावं तर ते बारा दिवस पुन्हा काढायचे. न टोचावं तर डोंगराच्या पलीकडे ती दोरी आणि ते झबलं. मला दोन्हीची सारखीच भीती वाटत होती, आणि मध्ये ती सव्वा वर्षाची पोर ओटीवर बसून चिंचोके मोजल्यासारखे इकडून तिकडे करत होती.

मी केलं ते एवढंच की भाषणाच्या तयारीत डोकं खुपसलं. भित्र्या माणसाला तयारी फार आवडते. रत्नागिरीला जाऊन माझ्या जुन्या हेडमास्तरांना भेटलो. तांब्याचा प्रसंग ते विसरले नव्हते. मनसोक्त हसून घेतल्यावर त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. लोकांकडे तोंड करून ताठ उभं राहा. सगळ्यांत मागे बसलेला एक माणूस धर आणि त्याला ऐकू जाईल असं बोल. आणि प्रत्येक वाक्य झालं की मनात तीन अंक मोज. ‘भात उतरवल्यावर झाकण ठेवतात ना, तसं,’ ते म्हणाले. ‘वाक्य मुरू दे. घाई केलीस की पुन्हा तांब्याकडे हात जाईल.’

गावात आल्यावर जुन्या कित्त्यांच्या कोऱ्या पाठींवर मी सहा पानांचं भाषण लिहिलं. ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ पासून सुरुवात, मग विलायतेतला शोध, मग गाईच्या लशीची हकीकत, मग फायदे. पाचव्या पानावर, सगळ्यांच्या मनातल्या शंकेला उत्तर म्हणून, एक वाक्य होतं : ‘टोचून घेतल्याने कधीही कोणाचेही वाईट झालेले नाही.’ हे वाक्य मी पहिल्या झटक्यात, खाडाखोड न करता लिहिलं होतं.

रोज शाळा सुटली की मी वरच्या कातळावर जायचो. उघडा, काळा, सपाट कातळ. त्यावर गवताच्या चार काड्या आणि चरणारी चारदोन गुरं. शेवटच्या रांगेतला माणूस म्हणून मी एक करवंदीची जाळी धरली होती. तिच्याकडे बघून मी ओरडायचो, वाक्य झालं की एक, दोन, तीन मोजायचो, गुरं मान वर करून बघायची. चार पानं झकास जायची. पाचव्या पानावर ते वाक्य यायचं, मी ते म्हणायचो, तीन मोजायचो, आणि पुढचं काही आठवायचं नाही. एकदा नाही, दोनदा नाही, रोज. सहावं पान मला तोंडपाठ होतं, पण त्या वाक्यावरून पाय उचलून पलीकडे टाकता येत नव्हता.

एके दिवशी घरात, बायको भाकरी थापत असताना, मी सहज म्हणून ते पान मोठ्याने वाचलं. तिचा हात थांबला.

‘हे तुम्ही म्हणणार?’ तिने विचारलं.

‘कागदावर आहे म्हणजे म्हणायला हवंच.’

‘कुठे म्हणणार? शाळेत?’

‘देवळात. देवदिवाळीला सगळा गाव तिथेच जमतो.’

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ‘देवळात,’ एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. ती चिडली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी पान घडी करून खिशात टाकलं आणि भाकरी करपली म्हणून उगाच तिच्यावरच रागावलो. करपली नव्हती.

गावाचं मत मला माहीत होतं. गावचा मुख्य मानकरी सत्तरीचा म्हातारा होता. देवळात नारळ ठेवून देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तोंडभर देवीचे वण, आणि एक डोळा त्यातच गेलेला. मी विषय काढला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘मास्तर, ती येते ती पावणी म्हून येते. तिचा मान करायचा नि बोळवण करायची. तुमी तर तिला सुईला लावून घरात आनताव. मंग ती रागवायची नाय?’ मी गाईच्या लशीचं सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आमी काय बोलनार? देवळात बोला. तिथं काय ते ठरंल.’ त्याच्या घरात दोन वर्षांचा नातू होता. बापूस मुंबईला. म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या पोरात होता, हे मला बोलता बोलताच दिसत होतं, कारण बोलणं माझ्याशी होतं आणि चांगला डोळा त्या पोरावर.

देवदिवाळीच्या दिवशी निघण्याआधी मी घरीच तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. देवळात सभामंडप भरला होता. एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बायका. गाभाऱ्यात समया लावलेल्या होत्या आणि त्या उजेडात देवीचे चांदीचे डोळे तेवढे लखलखत होते. बायकांच्या बाजूला, खांबाशी, माझी बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. नारळ मांडले गेले. म्हाताऱ्याने मला हाताने खूण केली : बोला.

मी हेडमास्तरांनी सांगितलं तसा लोकांकडे तोंड करून ताठ उभा राहिलो. शेवटच्या रांगेतला माणूस शोधला. तो घोंगडीत झोपला होता. तरी त्याच्याकडे बघून मी म्हणालो, ‘सभ्य स्त्रीपुरुषहो!’ आणि मनात मोजलं : एक, दोन, तीन.

त्या तीन अंकांच्या रिकाम्या जागेत म्हाताऱ्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, ‘व्हय म्हाराजा!’ आणि पाठोपाठ सगळा मंडप गरजला, ‘व्हय म्हाराजा!’

माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, झाला पुन्हा तांब्या. हे चेष्टा करतायत. पण कुणी हसत नव्हतं. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या देवळात आजवर कुणीही उभा राहून बोलला तो गाऱ्हाणंच घालायला. गाऱ्हाणं घालणारा एक वाक्य म्हणतो आणि थांबतो, आणि गाव होकार भरतो. देव असो की देवी, होकार एकच. मी प्रत्येक वाक्याला थांबणार, म्हणजे प्रत्येक वाक्याला गाव ‘व्हय’ म्हणणार. आणि देवळात ‘व्हय’ म्हटलेलं गाव फिरवत नाही, हे मला तिथे आल्यापासूनच्या सहा महिन्यांत चांगलं कळलं होतं. याच रिवाजावर तिथले बांधांचे तंटे मिटत होते.

आता खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. न मागता अख्खा गाव माझ्या हातात आला होता. विलायतेतला शोध, ‘व्हय म्हाराजा!’ गाईची लस, ‘व्हय म्हाराजा!’ चार पानं मी अशीच काढली. पण जसजसे होकार पडत गेले तसतसा मी सावकाश बोलायला लागलो, कारण पाचवं पान जवळ येत होतं. त्या वाक्यालाही हे असेच डोळे मिटून ‘व्हय’ म्हणणार होते.

मी श्वास घेतला. ‘टोचून घेतल्याने—’

‘थांबा वायच,’ म्हातारा म्हणाला. तो उठून माझ्याजवळ आला. ‘मास्तर, मघाधरनं बगतंय. गाव व्हय म्हनतंय, पन तुमची पाठ तिच्याकडं. तिला कसं ऐकू जायल? हे बोलनं तिच्याशी हाय ना?’ आणि त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि एखाद्या पोराला वळवावं तसा मला गाभाऱ्याकडे वळवला. ‘हां. आता बोला.’

लोक डोळ्यांआड झाले. समोर फक्त समया आणि ते डोळे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी लोकांच्या तोंडांना भितो. तोंडं दिसेनाशी झाली तर मी बोलेन. पण आता जी भीती वाटली तिच्यापुढे ती जुनी भीती म्हणजे काहीच नव्हती. मी फार देवभोळा नव्हे. आजही नाही. पण त्या डोळ्यांकडे बघून ते वाक्य म्हणायला माझी जीभ उचलेना. मागे गाव थांबला होता. मी तीनच्या पुढे मोजत गेलो, दहा झाले, पंधरा झाले. कागद हातात होता. तो मी घडी केला.

‘आई,’ मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो, ‘आई, मला एक मुलगा होता.’

‘व्हय म्हाराजा!’ मागून ठेक्यात होकार आला. त्यांना काय ठाऊक!

‘त्याला मी देवी टोचल्या.’

‘व्हय म्हाराजा!’

‘बाराव्या दिवशी तो गेला.’

या वेळी मंडपातून आवाज आला नाही. बायकांच्या बाजूने बांगड्या वाजल्या, तेवढंच. मग एकट्या म्हाताऱ्याने, हळू, म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’ तो होकार आला नसता तर मी पळून गेलो असतो. तो आला म्हणून पुढे बोललो.

मी म्हणालो की डॉक्टर सांगतात तो टोचल्याने गेला नाही. न टोचलेली पोरंही त्याच तापाने गेली. हे मला डोक्याने पटतं आणि छातीत पटत नाही. म्हणून मुलीला मी टोचलेलं नाही. गावाला सांगायला उभा राहिलो आणि आपली लपवून ठेवली. ही माझी चूक आहे. प्रत्येक वाक्याला म्हाताऱ्याचा होकार येत होता, आणि हळूहळू त्याच्यामागे बाकीचेही. मी म्हणालो, पलीकडच्या गावात तू आली आहेस, ते मी पाहिलं. ते झबलं मी देवीला सांगितलं, दोरीवरचं. टोचलं तर मला भय वाटतं, पण न टोचण्याचं भय त्याहून मोठं आहे, एवढं मला आज कळतंय. आणि मग, कुठून आलं माहीत नाही, पण गाऱ्हाण्याची भाषाच माझ्या तोंडात आली.

‘उद्या माझी मुलगी पहिली बसेल,’ मी म्हणालो. ‘तिच्यामागून गावाची पोरं बसतील. रागावलीस तर माझ्यावर रागाव. पोरांना हात लावू नको.’

‘व्हय म्हाराजा!’ या खेपेला तो घोंगडीतला माणूससुद्धा ओरडला असावा.

होकाराचा आवाज विरला तेव्हा मला समजलं मी काय करून बसलो. मुलगी माझ्या एकट्याची नव्हती, आणि जिची होती तिला मी विचारलं नव्हतं. वळून खांबाकडे पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं. ती निघून गेली होती.

घरी ती नेहमीसारखी कामाला लागली. जेवायला वाढलं, मुलीला भरवलं, भांडी घासली. ‘अगं,’ एवढं मी दोनदा म्हणालो, आणि पुढचं वाक्य मला आलं नाही. भाषणात गाव जिंकलेला माणूस!

सकाळी मी शाळेच्या ओटीवर गेलो तर देवीडॉक्टर सुया स्पिरिटच्या दिव्यावर धरत होता, आणि समोर बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीला न्हाऊ घातलेलं, काजळ घातलेलं. बायकोने स्वतःच तिच्या झबल्याची बाही वर सरकवून दंड पुढे धरला. सुई लागली तशी पोरीने भोकाड पसरलं. बायकोने डोळे मिटले नाहीत. मी मिटले. उघडले तेव्हा म्हातारा नातवाला घेऊन पायऱ्या चढत होता. ‘व्हय म्हटलंय गावानं,’ तो मला म्हणाला. ‘आता तोंड फिरवता येत नाय.’ त्याच्यामागे आया उभ्या होत्या, पोरं कडेवर. दुपारपर्यंत गावातलं एकही पोर टोचायचं राहिलं नाही.

तालुक्याचा कागद माझ्या टेबलावर पडला होता. भाषण परिणामकारक झाले किंवा कसे? मी दौतीत टाक बुडवला आणि पुन्हा पुसून ठेवला. हेडमास्तरांच्या सगळ्या शिकवणीत हे कुठेच नव्हतं. जो गावापुढे बोलत नाही, त्याला काळजी आपल्या एका पोराचीच असते. माझ्या शब्दावर आता गावची सगळी पोरं उभी होती.

आठव्या दिवसापासून घरोघर ताप सुरू झाले. आया शाळेच्या दाराशी यायच्या. ‘मास्तर, आंग गरम हाय. हे बरोबर ना?’ मी म्हणायचो, ‘बरोबर. येतोच. दोन दिवसांत उतरेल.’ आणि आत येऊन फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो, पोरांना माझं तोंड दिसू नये म्हणून. मुलीच्या दंडावर फोड टरारले होते. तिच्या कपाळाला मी दिवसातून वीस वेळा हात लावायचो. बायकोही लावायची. आमचे हात तिथे एकमेकांना लागायचे, आणि आम्ही ते काढून घ्यायचो. अकराव्या दिवशी गावातले बहुतेक ताप उतरले. आमच्या मुलीचा उतरला नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी मी टोपी घातली आणि विचारलं, ‘शाळा उघडू का?’

‘नका उघडू,’ ती म्हणाली.

मी शाळा बंद ठेवली. दिवसभर आम्ही दोघं मुलीच्या दोन बाजूंना बसून होतो. ती निजायची, कुरकुरायची, पुन्हा निजायची. दुपारी म्हातारा येऊन अंगणात बसला. आत आला नाही, काही विचारलं नाही. बसून राहिला आणि उन्हं कलल्यावर उठून गेला. त्याचं बसणं मला आधाराचं वाटलं की धाकाचं, हे मला अजून सांगता येत नाही. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दुसरं काहीच करत नव्हतो. सावली ओटीवर चढायला लागली. मागच्या वेळी हीच सावली होती.

तिन्हीसांज झाली. बायको उठली नाही, म्हणून दिवा मीच लावला. दोन काड्या फुकट गेल्या. वळलो तर मुलगी उठून बसली होती. घामाने भिजलेली. तिने दंडाला हात घातला आणि खपली खाजवायला लागली.

‘खाजवू नको गो बाय,’ बायको म्हणाली आणि तिचा हात धरला. मग कपाळाला हात लावला. मग गालाला, मानेला, पायांना. अंग गार होतं. मुलीने तिच्या हातावर चापट मारली आणि भात मागितला.

बायकोने तिला कालवून भरवलं. सगळा भात संपला. मग हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि दिव्यापुढे येऊन बसली.

‘देवळात तुम्ही म्हणालात, एक मुलगा होता,’ ती म्हणाली. ‘नाव नाही घेतलंत. गाऱ्हाण्यात नाव घ्यावं लागतं. नाहीतर तिला कळणार कसं, कुणाचं बोलताय?’

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

तिने हात जोडले. आमच्या मुलाचं नाव घेतलं. पुरं नाव, त्याचं, माझं, आडनावासकट, शाळेच्या पटावर घालावं तसं. ते नाव मी अडीच वर्षांत ऐकलं नव्हतं. ‘म्हाराजा,’ ती म्हणाली, ‘तो तुझ्याकडे आहे. त्याला सांभाळ.’

आणि ती थांबली. हात तसेच जोडलेले, डोळे दिव्यावर. गाऱ्हाणं घालणारा थांबतो तशी ती थांबली होती, आणि घरात होकार द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

‘व्हय म्हाराजा,’ मी म्हणालो.